थेट विक्रीचा एवढा बोलबाला असूनही हापूसचा बागायतदार दलालाच्याच दारी का?

कातळसडा

मार्च उजाडला की मुंबई-पुण्यातील गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर 'थेट बागेतून आपल्या घरी' अशा जाहिराती येऊ लागतात. कागदावर पाहिले तर बागायतदाराच्या वाटेतील बहुतेक अडथळे दूर झालेले आहेत. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत, म्हणजे दलालाचे कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे ठरवले. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. फोनवरून पैसे येतात आणि रात्री निघालेली पार्सलची गाडी सकाळी मुंबईत पोहोचते. तरीही राजापूर ते देवगड या पट्ट्यात एप्रिलमध्ये फिरल्यास रस्त्याकडेला रचलेल्या बहुतेक पेट्या वाशीच्या फळबाजारासाठीच गाडीत चढताना दिसतात.

याचे कारण बागायतदाराला ग्राहकापर्यंत पोहोचता येत नाही हे आहे, की मुळात त्याला तसे करण्याची मोकळीकच नाही? ज्यांची बाग आहे, ज्यांचा व्यापार आहे आणि जे केवळ आंबा विकत घेतात, अशा सर्वांनी कृपया सविस्तर लिहावे.

खाडीपलीकडे

मोकळीक नाही, हेच उत्तर आहे, आणि त्याचे नाव 'उचल', म्हणजे दलालाकडून आधीच घेतलेले पैसे.

बागेचा खर्च जूनमध्ये खतांपासून सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोहोरासाठी कल्टार हे संजीवक घालायचे असते. मोहोर फुटल्यापासून तुडतुडे, भुरी आणि अलीकडे फुलकिडे या किडी-रोगांसाठी एकामागून एक फवारण्या कराव्या लागतात. औषधांच्या किमती दरवर्षी वाढतात आणि ढगाळ हवा पडली की ठरलेले वेळापत्रक कोलमडते. राखणदार, काढणीचे मजूर, पेट्या, पेंढा हे सारे त्यानंतर येते. पहिला पैसा मात्र मार्च-एप्रिलपूर्वी हातात पडत नाही. मधल्या नऊ-दहा महिन्यांत दलालच पैसे देतो, आणि आंबा आपल्याच गाळ्यावर यावा ही त्याची एकमेव अट असते. ती लेखी नसली तरी मोडण्याची कोणाची हिंमत होत नाही, कारण पुढच्या जूनमध्ये पुन्हा त्याच्याकडेच जायचे असते.

वाशीतला रत्नागिरीकर

खाडीपलीकडे, तुमचे म्हणणे खरे आहे. तरी मी फळबाजारात काम करतो, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो.

दलाल पैसे देतो तेव्हा तो तुमचा सातबारा पाहत नाही, जामीनदार मागत नाही. मोहोर करपला, फळधारणा झाली नाही, तर उचल पुढच्या वर्षावर जाते आणि त्या वर्षी पुन्हा नवी उचल द्यावी लागते. अनेकांची रक्कम कधीच परत येत नाही. शिवाय थेट विक्रीत ग्राहक निवडक फळ मागतो. मोठे फळ पहिल्या फेरीतच संपते. मग बारीक फळ, किंचित डाग असलेले फळ, मे महिन्यात वळवाचा पाऊस येण्याच्या भीतीने एकदम उतरवलेले फळ, हे सर्व कोण घेणार? वाशीत ते त्याच दिवशी विकले जाते. भाव पडतो, पण माल परत जात नाही. ही सोय लहान समजू नये.

पट्टीवाचक

रत्नागिरीकर, सोय लहान नाही, पण त्या सोयीची किंमत किती हे बागायतदाराला आधी कधीच कळत नाही, ही माझी तक्रार आहे. घरातील हिशेब मी पाहते, म्हणून दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबात, म्हणजे एका पट्टीत, काय असते ते लिहिते.

वरच्या ओळीत गाडीची तारीख आणि पेट्यांची संख्या. त्याखाली प्रतवारीनुसार भाव. परंतु आम्ही पाच डझनी म्हणून भरलेल्या पेट्यांपैकी काही तिथे 'हलका माल' म्हणून वेगळ्या भावाने लागलेल्या असतात. ते कोणी आणि कशावरून ठरवले, हे आम्ही कधीच पाहिलेले नसते. मग गाडीभाडे, हमाली, तोलाई आणि एक मोघम 'इतर खर्च'. २०१६ नंतर अडत हा शब्द आमच्या पट्टीतून नाहीसा झाला, मात्र त्याच सुमारास 'इतर खर्च' वाढला. शेवटी उचल वजा होते आणि उरलेल्या आकड्याखाली सही असते. आंबा सोमवारी गेला, भाव कोणता मिळाला हे पुढच्या आठवड्यात समजले, आणि तोपर्यंत आणखी दोन गाड्या रवाना झालेल्या होत्या. आपल्या मालाचा भाव माल विकला गेल्यानंतर कळावा, असा दुसरा कोणता धंदा आहे?

शेवाळी

पूर्वी रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरत असे. आता रुमाल गेला आहे, पण वरील वर्णन वाचून पडदा गेला आहे असे म्हणवत नाही.

डोंबिवलीची माहेरवाशीण

मी ग्राहकाच्या बाजूने लिहिते. माझे माहेर गुहागर तालुक्यातले, त्यामुळे हापूसचा वास मला ओळखता येतो. माझ्या शेजारणींना तो ओळखता येत नाही आणि यायलाच हवा अशी अपेक्षाही रास्त नाही. त्या स्टेशनबाहेर 'देवगड' असे छापलेली पेटी घेतात. वरच्या थरातील फळे बरी निघतात आणि खालच्या थरात कर्नाटकातून आलेला आंबा असतो. एकदा असे झाले की पुढच्या वर्षी त्या खऱ्या बागायतदाराच्या जाहिरातीवरही विश्वास ठेवत नाहीत. 'सगळे सारखेच' असे म्हणून जो स्वस्त देईल त्याच्याकडून घेतात.

कर्नाटकच्या शेतकऱ्याविषयी माझ्या मनात राग नाही. त्याने आपला आंबा आपल्या नावाने विकावा. आता तर मलावीतूनही हापूस हिवाळ्यात वाशीला येतो, आणि तो मलावीचा म्हणूनच विकला जातो. मग शेजारच्या राज्यातील आंब्याला आमच्या गावाचे नाव का लागते?

सनद

ताई, कायद्याने ते लागू नये. २०१८ च्या मानांकनानुसार सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांतील आंब्यालाच हापूस हे नाव लावता येते. खोटे मानांकन लावून माल विकल्यास ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्यात आहे.

अडचण अशी की मानांकन मिळाले म्हणजे प्रत्येक बागायतदाराला ते आपोआप वापरता येते असे नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. पुष्कळ बागायतदारांनी ती केलेली नाही, कारण नोंदणी केल्याने वाशीत पेटीला एक रुपयाही जास्त मिळत नाही. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळा सांकेतिक क्रमांक असलेले स्टिकर लावण्याचा उपक्रम सुरू केला. स्टिकरचा फोटो पाठवला की फळ कोणत्या बागायतदाराचे आहे हे कळावे, आणि स्टिकर बागेतील झाडांच्या हिशेबाने मिळावेत, असा त्यामागचा विचार आहे. मला हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण बाहेरचा आंबा आपल्या पेटीत भरून विकणारे काही जण आपल्याच गावात राहतात, हे उघडपणे बोलले पाहिजे.

खाडीपलीकडे

सनद यांच्या शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन. दलालाकडे बोट दाखवताना हा विषय नेहमी बाजूला पडतो.

आढी

मी काही वर्षांपासून आंबा थेट विकतो, म्हणून त्यातील व्यवहार सांगतो. कोणालाही परावृत्त करण्याचा हेतू नाही, पण 'दलाल काढला की त्याचा नफा आपला' हे गणित फार अपुरे आहे. दलाल काढला की त्याचे कामही आपल्याच अंगावर येते.

फळ देठासकट झेल्याने, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीने, काढावे लागते, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतो. मग वजनावर वर्गवारी, पेंढ्यात मांडणी, डझनाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात भरणी. फळ पिकवायला आम्ही कार्बाइड वापरत नाही. त्यावर बंदीच आहे. इथिलीन वायूला नियंत्रित प्रमाणात परवानगी आहे, परंतु त्यासाठी बंद खोली आणि यंत्रणा हवी. म्हणून आम्ही कच्चा आंबा पाठवतो आणि सोबत चिठ्ठी देतो: खोका उघडून हवेशीर जागी ठेवा, फ्रीजमध्ये ठेवू नका, साल पिवळी झाली तरी वास दरवळेपर्यंत कापू नका. तरीही तिसऱ्या दिवशी फोन येतो की आंबा आंबट आहे.

साक्याची तक्रार सर्वांत अवघड. बाहेरून फळ निर्दोष, वास उत्तम, आणि कापल्यावर आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, बेचव गर. अनुभवी माणसालाही ते वरून ओळखता येत नाही. पेटीत अशी दोन-तीन फळे निघाली की ग्राहक फोटो पाठवतो आणि आम्ही निमूटपणे बदली फळे देतो. वाशीला पाठवलेल्या आंब्यातही साका असतोच, पण तिथे तो कोणाच्या बागेतला हे खाणाऱ्याला माहीत नसते. थेट विक्रीत प्रत्येक फळावर आमचे नाव असते, आणि ते योग्यच आहे. मात्र ही जबाबदारी पेलायला घरात फोनवर बसणारे एक माणूस लागते. आमच्याकडे ते काम माझी सून करते, म्हणून जमते. ज्या घरात फक्त दोन वृद्ध माणसे उरली आहेत त्यांनी काय करावे?

बोंडू

काजूचीही हीच कथा आहे. वेंगुर्ला काजूला मानांकन आहे, परंतु गावठी बीचा भाव ठरतो तो आफ्रिकेतून किती कच्चा काजू आयात झाला यावर. आणि बोंडे तर बागेतच कुजतात. शेजारी गोव्यात त्यांची फेणी होते, आपल्याकडे त्यांचा उद्योग उभा राहत नाही.

कातळसडा

बोंडू, काजूवर स्वतंत्र धागा अवश्य काढा, मी नक्की लिहीन. इथे आंब्याची उचल आणि विक्री यांपुरते राहू या.

माजघर

आढीकाकांनी शेवटी विचारलेला प्रश्न मला या चर्चेतील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थेट विक्री कोणाला जमते हे आमच्या वाडीत मी पाहिले आहे. ज्यांचा भाऊ ठाण्याच्या मोठ्या संकुलात राहतो, मुलगा पुण्यात आयटीत आहे, त्यांच्या पेट्या शब्दावर जातात. ज्यांचे नातेवाईक शहरात स्वतःच भाड्याच्या खोलीत राहतात, त्यांना शंभर खोके उतरवून घ्यायला जागा नसते आणि त्या भावाने आंबा घेणारे शेजारीही नसतात. आंबा दोघांचाही तितकाच गोड. म्हणजे जुन्या दलालाच्या जागी आता ओळखीपाळखी आल्या आहेत, आणि त्या सर्वांना सारख्या मिळालेल्या नाहीत.

आणखी दोन गट या चर्चेत अजून आलेले नाहीत. एक, खंडाने, म्हणजे मालकाला ठरलेली रक्कम देऊन, बाग घेणारे. झाडे मालकाची, मेहनत आणि जोखीम यांची. पीक गेले तरी खंड द्यावाच लागतो. दुसरा, बागांतून राहणारे नेपाळी कामगार. राखण, फवारणी, काढणी ही बहुतेक कामे आज तेच करतात. पत्र्याच्या किंवा झापांच्या खोपीत कुटुंबासह महिनोन्महिने राहतात, आणि फवारणी करताना अनेकदा तोंडाला साधा रुमाल बांधलेला असतो. 'थेट बागेतून' असे म्हणताना त्या बागेत कोण राहते हेही ग्राहकाला दिसले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

निवृत्त शाखाधिकारी

मी जिल्ह्यातील ग्रामीण शाखांत नोकरी केली आहे. मूळ प्रश्न मोकळीक का नाही हा होता. खाडीपलीकडे यांनी उचल हे कारण दिले ते बरोबर आहे. त्याच्या एक पायरी मागे जातो. बँकेचे पीककर्ज ३ लाखांपर्यंत असेल आणि वेळेवर फेडले तर व्याज ४ टक्क्यांच्या आसपास पडते, आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे त्याहूनही कमी. १ जानेवारी २०२५ पासून विनातारण शेती कर्जाची मर्यादाही १.६० लाखांवरून २ लाख झाली आहे. इतका स्वस्त पैसा उपलब्ध असताना माणूस आपले पीक दलालाकडे का बांधतो?

कारण कोकणातील सातबारा. एका गटावर वीस-पंचवीस नावे असतात. त्यांतील काही मृत आहेत आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. काही बहिणी लग्न होऊन गेल्या आहेत, काही चुलते गिरणीत नोकरीसाठी गेले आणि त्यांची मुले आता मुंबईत वेगवेगळ्या उपनगरांत आहेत. बाग कसणारा एकटा गावात. बँकेला त्याचा हिस्सा स्पष्ट हवा, नाहीतर सर्व सहहिस्सेदारांची संमती. मी स्वतः कित्येक चांगल्या, कष्टाळू बागायतदारांचे अर्ज याच एका कारणाने परत केले आहेत, आणि ते उठून कोणाकडे जाणार आहेत हे मला त्या वेळी माहीत होते. खंडाने बाग करणाऱ्याची स्थिती त्याहून बिकट. त्याच्याकडे दाखवायला कागदच नसतो, कारण लेखी करार केल्यास कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल, या भीतीने मालक सही करत नाही. कर्ज नाही, आणि पीक गेले तर फळपीक विम्यासाठीही पुन्हा कागदच आडवा येतो.

दलालाने ही रिकामी जागा ओळखली आणि तिच्यावर धंदा उभा केला. त्याला दोष देण्यापेक्षा ती जागा भरण्याचा विचार करावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ नुसार सर्व सहधारक सहमत असतील तर तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते, दिवाणी दाव्याची गरज पडत नाही. कोणी करत नाही, कारण सहमतीच होत नाही.

चाकरमानी विक्रोळी

शाखाधिकारी साहेब, ज्या सहहिस्सेदारांविषयी तुम्ही लिहिले त्यांपैकी मी एक आहे, म्हणून आमची भीती सांगतो. गावातून कागद येतो तेव्हा त्यासोबत कोणतेही स्पष्टीकरण नसते. आजूबाजूला जमिनी दलालांमार्फत बाहेरच्यांना विकल्या गेल्याच्या बातम्या ऐकलेल्या असतात. आपण कर्जासाठी म्हणून सही केली आणि उद्या हिस्साच गेला तर, अशी शंका मनात येते. गावाशी असलेला आमचा एकमेव धागा ती चार झाडे आहेत. त्यांचे उत्पन्न आम्हाला नको असते, पण नाव राहावे असे वाटते. गणपतीत आम्ही सगळे घरी एकत्र असतो. त्या दिवसांत कोणी जाणकाराने वाडीत बसून वारस नोंद, संमतीपत्र आणि वाटप यांतील फरक समजावून सांगितला, तर निम्म्या सह्या तिथेच होतील.

पट्टीवाचक

चाकरमानी दादा, भीती समजते. परंतु तुमचे नाव राहावे म्हणून आमच्या घरातील पट्टीवर उचल वजा होत राहते, हेही लक्षात घ्या. संमतीपत्रात कर्जाची रक्कम, मुदत आणि ते केवळ उभ्या पिकापुरते आहे असे स्पष्ट लिहिले, तर सही द्याल का?

चाकरमानी विक्रोळी

इतके स्पष्ट लिहिलेले असेल तर देईन, आणि चुलत भावांनाही सांगेन.

सनद

सातबारा सुटेपर्यंत थांबायचे नसेल तर आणखी एक मार्ग आहे. १० उत्पादक एकत्र येऊन शेतकरी उत्पादक कंपनी काढू शकतात. २०२० पासून अशा कंपन्यांसाठी केंद्राची योजनाही आहे. बारीक फळाचा रस काढणे, पेट्या आणि औषधे एकत्र घेणे यासाठी ती उपयोगी पडते. मात्र भागभांडवल लहान असल्याने सभासदांना वर्षभराची उचल देण्याची ताकद तिच्यात सुरुवातीला नसते, हे आधीच सांगतो.

डोंबिवलीची माहेरवाशीण

मग ती उचल आम्ही ग्राहकांनीच दिली तर? आमच्या इमारतीत आम्ही दिवाळीच्या सुमारास फराळाचे पैसे बचत गटातील बायकांना आगाऊ देतो. आंब्याचेही ऑक्टोबरमध्ये अर्धे पैसे द्यायला काही कुटुंबे तयार होतील, असे मला वाटते.

वाशीतला रत्नागिरीकर

कल्पना चांगली आहे, पण मोहोर करपला त्या वर्षी काय कराल? हापूस दरवर्षी सारखा धरत नाही, हे त्या कुटुंबांना आधी सांगितले आहे का? दलाल तोटा पुढच्या वर्षावर ढकलतो. ग्राहक पोलिसांत जाण्याची भाषा करेल.

आढी

रत्नागिरीकरांची शंका अगदी योग्य आहे, म्हणून अटी आधीच कागदावर हव्यात. माझ्या दृष्टीने त्या अशा असाव्यात. आगाऊ रक्कम अपेक्षित पिकाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पेट्यांसाठी घेऊ नये, म्हणजे निम्मे पीक गेले तरी शब्द पाळता येतो. भाव आकड्यात न बांधता त्या आठवड्याच्या वाशीच्या भावाशी जोडावा. पीक पूर्ण गेले तर पैसे पुढच्या हंगामात आंब्याच्या रूपाने किंवा जूनमध्ये रोख परत. आणि बारीक फळही ठरावीक प्रमाणात घ्यावे लागेल; केवळ मोठे फळ मिळणार नाही.

डोंबिवलीची माहेरवाशीण

बारीक फळ आमरसाला चालते, त्याची अडचण नाही. माझी एक अट आहे. माजघर यांनी लिहिले त्याप्रमाणे बागेतील कामगारांना फवारणीसाठी मास्क आणि हातमोजे देणार का, आणि त्यांचा खर्च भावात धरणार का? धरला तर आम्ही तो देऊ.

आढी

देऊ, आणि खर्च वेगळा दाखवू. इमारतीतील किती कुटुंबे तयार आहेत ते ऑगस्टअखेर कळवा, म्हणजे औषधांची खरेदी करण्याआधी मला दलालाकडून किती कमी उचल घ्यायची ते ठरवता येईल.